ब्रिहिदाची उलटी पाखरं

ब्रिहिदाला विंचू चावला तो सरपणाच्या ढिगातून लाकूड ओढताना. पाऊस सरत आला होता, लाकडं आतून ओली होती, आणि ओल्या लाकडात काय दडून बसतं हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण तिला घाई. सकाळी चावला आणि चर्चची दुपारची घंटा व्हायच्या आत बाईची जीभ जड झाली. तिचा नवरा लिबोरियो शेतावरून धावत आला तेव्हा ती छताकडे बघत पडली होती. छताकडे बघतच गेली.

आमच्या आणि त्यांच्या घरांमध्ये निवडुंगाचं एक कुंपण. तिचं माझं कधी पटलं नाही. तिच्या कोंबड्या माझ्या अंगणात आणि माझ्या शिव्या तिच्या अंगणात, असा आमचा शेजार. तरी मीच पहिली पोचले आणि तिची हनुवटी फडक्याने मीच बांधली.

न्हाऊ घालायला तेओदोरामावशी आली. गावातली कुठलीही बाई गेली की तिला न्हाऊ घालायला तीच येते, आणि तिच्यापुढे पाद्रीबाबासुद्धा आवाज चढवत नाही. हात पुसत तिने विचारलं, "हिचं जायचं हुइपिल कुठाय?"

लिबोरियोने पडवीकडे बोट केलं.

आमच्या आमुस्गो जमातीच्या बायका आपलं जायचं हुइपिल आपल्याच हाताने विणून पेटीत ठेवतात. विणलेल्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवायच्या, गुडघ्याखाली येणारा सैल अंगरखा होतो. रोजचं हुइपिलही असंच, पण जायच्या हुइपिलात बाई आपला सगळा हात ओतते. पलीकडे तोंडं दिसत नाहीत ना. नदीच्या त्या काठावर आपली माणसं येऊन थांबलेली असतात, ती कापडावरची नक्षी बघूनच ओळखतात की ही आपली आली. ब्रिहिदाच्या दोन पट्ट्या घडी घालून ठेवलेल्या सापडल्या. मधली पट्टी पडवीत मागावर होती, अर्धीच.

"अर्धी?" मावशी म्हणाली. "आणि इतकी वर्षं ही करत काय होती?"

"वेळ आहे म्हणायची," लिबोरियो म्हणाला.

तिची रोजची हुइपिलं बाहेर काढली. एकाची कड उसवलेली, दुसऱ्याला डाळीचे डाग, तिसऱ्याची कोंबड्यांच्या खुराड्यावर चिंधी झालेली. उकाडा असा की उद्यापर्यंत थांबायची सोय नव्हती. माझ्या सासूबाई, फाउस्ता, इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या घरी गेल्या आणि हातावर पांढरीशुभ्र घडी घेऊन परत आल्या. मी ती घडी लगेच ओळखली. ते त्यांचं स्वतःचं जायचं हुइपिल होतं. मातकट कापसाची बारीक नक्षी, वरपासून खालपर्यंत, सगळी पाखरं उजवीकडे तोंड करून.

"फाउस्ता, शुद्धीवर आहेस ना?" मावशी म्हणाली. "तुझा हात आहे हा. तिकडे ही फाउस्ता म्हणून उतरेल."

"उतरू दे की. मी काय उद्या निघालेय? दुसरं विणीन. पोरीला फाटक्यात घालवायची का?"

"आई, ते ठेवा," मी म्हटलं. "माझं लग्नातलं देते."

"तुझं लग्नातलं तुझ्या ढुंगणावर उसवलंय, ओदिलिया. बाजूला हो."

माझे सासरे हासिंतो जाऊन कितीतरी वर्षं झाली. म्हातारीची सगळी भिस्त होती ती ते त्या काठावर आपली वाट बघत थांबलेत यावर. भांडण झालं की मला म्हणायच्या, तुला काय, माझा म्हातारा लंगडत का होईना, न्यायला येईल. आणि त्याच बाईने त्याला पटायची खूण दुसरीच्या अंगावर चढवली. मला रागही आला आणि रडूही आलं. दोन्ही गिळून मी मेणबत्त्या लावल्या.

पहिल्यांदा लक्षात आलं ते कुत्र्याचं. आमचा कापितान हा कुत्रा नव्हे, तोंडाळ सासरा होता. ज्यांचं खायचं त्यांच्यावरच भुंकायचं. सासूबाई मक्याची टोपली घेऊन फाटकातून आत आल्या की हा शेपटीपासून तोंडापर्यंत भुंकायचा, त्या त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या, मग दोघं आपापल्या जागी गप्प बसायचे. पुरून आलो त्या दिवसापासून तो त्यांच्यावर भुंकेना. नुसता भुंकेना असं नाही. त्या आल्या की तो बघायचा त्यांच्याकडे नव्हे, त्यांच्या मागच्या कुंपणाकडे.

"सुधारला मेला," सासूबाई म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

मग कोंबड्या. त्यांनी दाणे टाकले की एकही येईना. त्या आत गेल्या की सगळ्या धावत येऊन टिपून न्यायच्या. मग भाकऱ्या. त्यांच्या हातची मक्याची भाकरी तव्यावर पडली की टम्म फुगायची, आख्ख्या आळीत तसा हात नव्हता. आता ती मातीच्या तव्यावर चपटी पडून राहायची. पीठ तेच, चूल तीच. त्याच पिठाचा गोळा मी घेतला तर फुगत होता. चुलीचा धूर मात्र, वारा कुठलाही असो, त्यांच्याकडे जाऊन त्यांच्याभोवती घुटमळायचा, अगदी थडग्यावरच्या राळेच्या धुरासारखा.

माझा नवरा सेवेरो म्हणाला, "म्हातारी थकली आहे. बाकी काही नाही." शेतात लाल अंबाडीची फुलं तोडायला आली होती आणि त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. अंबाडी थांबत नाही. दिवसभर वाकून झुडपं कापायची, मग सावलीत बसून बोंडावरच्या लाल पाकळ्या सोलायच्या. बोटांची सालटी निघतात, नखं जांभळी होतात. मी दिवसभर तिकडे असायचे. म्हणून घरात काय चाललंय ते मला उशिरा कळलं.

एका सकाळी सासूबाई नवं हुइपिल विणायला बसल्या. उभ्या दोऱ्यांचा ताणा त्यांनीच मक्याच्या पेजेत बुडवून वाळवला होता. एक टोक आंब्याच्या खोडाला बांधलं, दुसऱ्या टोकाच्या पट्ट्याला पाठ देऊन त्या खाली बसल्या. आमचा माग म्हणजे चार काठ्या आणि बाईचं वजन. बाई मागे रेलली की दोरे ताठ होतात, पुढे झाली की सैल पडतात. त्या मागे रेलल्या. दोरे तसेच लोंबत राहिले. त्यांनी पाय रोवले, दात ओठ खाल्ले, मानेच्या शिरा फुगल्या. दोरे तसूभर हलले नाहीत.

"गाठ सुटली असेल," मी म्हटलं आणि खोडाकडची गाठ बघितली. घट्ट होती. मग मी त्यांच्या मागे बसले आणि दोन्ही खांद्यांना धरून त्यांना मागे ओढलं. माझ्या हातांना वजनच लागलं नाही. मक्याचं वाळलेलं धाट हातात आल्यासारखं झालं. मी घाबरून हात सोडले.

"कळलं तुला?" त्या मान न वळवता म्हणाल्या. "मला केव्हाच कळलंय. सेवेरोला सांगू नकोस. त्याची अंबाडी वाळायची राहील."

त्याच दुपारी लिबोरियो कुंपणापाशी आला. हातात टोपी, तोंड उतरलेलं.

"वहिनी, एक सांगायचं होतं. रागावू नका."

"बोला ना दादा."

"तुमच्या म्हाताऱ्याला जरा समजवा."

"कुठल्या म्हाताऱ्याला?"

"हासिंतोकाकाला हो. रोज दुपारची घंटा झाली की माझ्या पडवीत येतो. आधी काठी वाजते, मग तो पाय ओढल्याचा आवाज. तंबाखूचा वास. मी आयुष्यात बिडी ओढली नाही आणि माझ्या उशीला वास येतोय. येतो आणि हाक मारतो."

"कुणाला?"

लिबोरियोने सासूबाईंकडे चोरून बघितलं. "फाउस्ता म्हणतो. माझ्या बायकोच्या मागासमोर उभा राहून. मी म्हटलं, काका, दार चुकलात, पलीकडचं घर. तर ऐकतच नाही."

सासूबाईंच्या हातातलं मक्याचं कणीस खाली पडलं. भीती मला वाटली होती, पण म्हातारीच्या चेहऱ्यावर आला तो शुद्ध मत्सर.

"म्हणजे तिला घेऊन बसलाय तो," त्या म्हणाल्या. "आंधळा मेला. माझी पाखरं दिसली आणि गेला मागे मागे."

"आई, तुम्ही काय बोलताय?"

"खरं तेच बोलतेय. तिकडे फाउस्ता पोचली आहे, ओदिलिया. इकडे जी उरली आहे तिला काय नाव द्यायचं ते तूच बघ."

मी तडक तेओदोरामावशीकडे गेले. ती टर्कीचं पीस घेऊन चूल झाडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मी सांगितलं होतं." तिचं ते पहिलं वाक्य असणारच होतं. मग तिने पीस खाली ठेवलं. "मृतांच्या सणाला दुपारी दार उघडतं. ते येतात, जेवतात, जातात. ज्याचं नाव तिकडे लागलंय ते जाताना बरोबर जातं. तुझ्या सासूचं वजन आत्ताच गेलंय, उरलेली जायला किती वेळ लागतोय?"

"काय करायचं ते सांग. रडवू नकोस."

"ब्रिहिदाचं तिला द्यायचं. ती पट्टी पुरी करायची, सणाच्या दिवशी तिच्याच घरात हुइपिलाचा गळा कापायचा. ती आपलं घालेल, फाउस्ताचं सोडेल. पण हात तिचा पाहिजे, तुझा नाही. तिच्या माणसांना पटला पाहिजे."

"तिचा हात?" मी ओरडलेच. "अगं ती डावखुरी!"

गाव हसायचं तिला. आम्ही सगळ्या उजवीकडून ओवायला शिकलो, म्हणून आमची पाखरं उजवीकडे बघतात. ब्रिहिदा डावीकडून ओवायची. तिची पाखरं उलटी. बाजारात तिचं हुइपिल आलं की मीच पहिली म्हणायचे, बघा, ब्रिहिदाची पाखरं घरी परत निघाली.

"तेच," मावशी म्हणाली. "आणि अर्धं कापड खांबावरून सोडायचं नसतं. तिच्या पडवीत, तिचा पट्टा लावून बस. अजून एक ऐक. तिथे ज्या नावाला ओ देशील तीच होशील. तिच्या जागी बसलीस की कुणीही दुसऱ्या नावाने हाक मारली तरी ओ द्यायची नाही. कुणीही."

"मला कोण हाक मारणार आहे? मला तिथे श्वास घ्यायला वेळ नसणार."

सेवेरो भडकला. अंबाडी वाळत घातलेली, आभाळ पुन्हा भरून आलेलं, आणि बायको शेजाऱ्याच्या पडवीत विणायला निघालेली. "लोक काय म्हणतील? विधुराच्या घरी?"

"लोकांना म्हणावं, सेवेरोच्या आईचं वजन करून बघा."

तो आईकडे गेला. ती झोळीत पडली होती. त्याने तिला उठवायला हात घातला आणि लहान पोर उचलावं तशी ती एका हातात वर आली. झोळीच्या दोऱ्या हलल्यासुद्धा नाहीत. सेवेरो तिला तसाच धरून उभा राहिला. मग हळूच खाली ठेवलं, गोधडी नीट केली आणि शेतावर निघून गेला. त्यानंतर माझ्या वाटची बोंडंही त्याने एकट्याने सोलली.

ब्रिहिदाचा पट्टा तिच्या कमरेचा होऊन बसला होता. ती रुंद, मी काटकी. तो मला पाठीत वेडावाकडा टोचायचा. पहिल्या दिवशी मी उजव्या हाताने आडव्या दोऱ्याचा बाणा टाकून बघितला, म्हटलं नक्षी तेवढी डावीकडून घालू. कापड लगेच बिघडलं. काठ आत ओढला जायला लागला. मी सगळं उसवलं. डाव्या हाताने टाकायला लागले तर बाणा ठोकायची लाकडी पात माझ्या हातात बसेना, ठोका तिरका पडायचा. सकाळभर बसून दोन बोटं कापड झालं आणि तेही गावठी.

त्यात सूत संपलं. तिने कातलेलं मातकट सूत टोपलीत थोडंच उरलं होतं. मी माझं आणून जोडलं, आणि माझ्या डोक्यातच आलं नाही की हा पीळ उलटा आहे. उजव्या हाताने फिरवलेल्या टकळीचा पीळ एका अंगाला जातो, डाव्या हाताच्या टकळीचा दुसऱ्या. दोन्ही एका पट्टीत घातले की पहिल्या पाण्यात कापड गोळा होतं. म्हणजे सूतही डाव्या हातानेच कातायला हवं होतं. मी तिचाच कापूस घेतला, चटईवर पसरला, दोन काठ्यांनी झोडपून मऊ केला. भोपळ्याच्या वाटीत टकळी उभी केली आणि डाव्या हाताने फिरवली. पडली. परत फिरवली. परत पडली. मी ब्रिहिदाला शिव्या घातल्या, तिच्या आईला घातल्या, तिचा डावा हात बालपणीच बांधून ठेवला नाही म्हणून.

सणाच्या आधीचा आठवडा आला तेव्हा टकळी पडायची थांबली होती. धागा सरळ निघत होता, बारीक, एकसारखा, माझ्या नेहमीच्या धाग्यापेक्षा चांगला. मला आधी बरं वाटलं. मग पाणी प्यायला वाटी उचलली तेव्हा मी ती डाव्या हाताने उचलली होती.

हासिंतो रोज यायचे. घंटा व्हायची, पक्षी गप्प व्हायचे, निवडुंगाच्या सावल्या आखडून बुडाशी यायच्या. मग काठीचा आवाज. मग ओढलेला पाय. मी मान वर करायचे नाही. तंबाखूचा वास माझ्या उजव्या खांद्यापाशी येऊन थांबायचा.

"फाउस्ता."

आवाज ओळखीचा होता. माझ्या लग्नात याच आवाजाने मला सून म्हटलं होतं. मी ठोका घालायचे, डावीकडून बाणा टाकायचे, ठोका घालायचे. ते वाट बघायचे. तिथे काहीच दिसायचं नाही, फक्त समोरच्या दोऱ्यांवर थोडा वेळ सावली पडायची, ऊन डोक्यावर असूनही. मला इतकं वाटायचं की सांगावं, बाबा, त्या कुंपणापलीकडे आहेत, झोळीत पडल्या आहेत, तुमच्यावर रुसल्या आहेत. पण ओ द्यायची नव्हती. मग पाय ओढत ते जायचे.

घरी गेले की सासूबाई विचारायच्या, "आला होता?"

"आले होते."

"काय घातलंय अंगात?"

"दिसत नाहीत हो आई."

"माझ्याच हातचा सदरा असणार," त्या म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. आता त्या दिवसातून घोटभर पेज घ्यायच्या. पेजही त्यांच्या ओठांवर गार व्हायची.

एकदा मी पट्टीच्या शेवटाकडे आले होते. शेवटचं बोटभर अंतर जीव खातं. दोऱ्यांत जागाच उरत नाही, बाणा सुईने एक एक दोरा उचलून ओवावा लागतो. डोळे दुखत होते. तेवढ्यात लिबोरियो शेतावरून आला, कोयता भिंतीला टेकवला, मातीत बसला आणि जोडे काढत म्हणाला, "ब्रिहिदा, पाणी दे गं."

माझा एक गुडघा जमिनीवरून उठला होता. तोंड उघडलेलं होतं. सुई तळव्यात टोचली म्हणून मी तिथेच थांबले. लिबोरियोनेही वर बघितलं. त्याला काय दिसलं कोण जाणे, तिच्या पट्ट्यात, तिच्या मागाला, डावा हात उचलून बसलेली बाई दिसली असणार. तो तोंडावर टोपी धरून रडायला लागला. मी पुन्हा खाली वाकले आणि ओवत राहिले. रक्ताचा थेंब मी कापडावर पडू दिला नाही.

सणाच्या सकाळी तीनही पट्ट्या शिवून झाल्या. लिबोरियोच्या घरात आम्ही झेंडूची कमान बांधली. ताटात मक्याच्या पानात उकडलेले तमाल, गुळाचा खडा, मीठ, पाणी, तिची आवडती कडू कॉफी. रस्त्यापासून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली, येणाऱ्यांना दिसावी म्हणून. सेवेरोने आईला पाठुंगळीला घेऊन आणलं. घामाचा थेंब नव्हता त्याच्या कपाळावर. त्याने तिला भिंतीशी बसवलं तेव्हा चटईही दबली नाही.

आमच्यात गळा आधी कापून ठेवत नाहीत. ज्याचं हुइपिल त्याच्या डोक्यावर धरून कापतात. तेओदोरामावशी कात्री घेऊन चटईच्या कडेला उभी राहिली. मी हुइपिल दोन्ही हातांनी उंच धरलं, कुणाच्याच डोक्यावर नाही. खालच्या काठापर्यंत पाखरं, सगळी डावीकडे बघणारी. अर्ध्याच्या खाली कुठे तिचा हात संपतो आणि माझा सुरू होतो ते मला स्वतःलाही सापडत नव्हतं.

घंटा सुरू झाली.

"ब्रिहिदा," मावशी म्हणाली, "मान खाली कर, बाई. तुझं आणलंय."

तिने कात्री चालवली. कापड चरचरलं. शेवटचा दोरा तुटला आणि माझे हात एकदम खाली आले. नदीतून ओल्या कपड्यांचं गाठोडं उचलावं तसं ते हुइपिल जड झालं होतं. मी दंड ताणून ते धरून ठेवलं. मग हळूहळू, आतून कुणी तरी बाजूला झाल्यासारखं, ते हलकं होत गेलं. लिबोरियो कोपऱ्यात गुडघ्यावर बसला होता. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "आली होती."

बाहेर पाकळ्यांच्या वाटेवर काठीचा आवाज झाला. आम्ही सगळ्यांनी ऐकला. आवाज दारापर्यंत आला, उंबऱ्याशी अडला, आणि मग वळला. आम्ही बाहेर येऊन बघितलं तर पाकळ्यांत काठीचे गोल ठसे होते आणि शेजारी ओढलेल्या पायाची रेघ. ती रेघ दारापाशी वळून कुंपणाच्या फटीतून आमच्या अंगणात गेली होती.

"बघा, आला शेवटी घरी," सासूबाई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. कुणी उठवलं नव्हतं. चटई त्यांच्या पायाखाली दबलेली होती.

आम्ही फाटकातून आत शिरलो आणि कापितान उठला. आधी त्याने कान टवकारले, मग जो भुंकायला लागला तो घसा फुटेपर्यंत. सासूबाईंच्या अंगावर धावून गेला, त्यांच्या हुइपिलाचा काठ धरून ओढला. म्हातारीने काठी उचलली. "मर मेल्या! तुझा बाप चोर, तुझी आजी चोर!" शिव्या देता देता त्या रडत होत्या. सेवेरो अंबाडीच्या पोत्यावर बसून लहान पोरासारखा हुंदके देत होता. त्या दिवशी म्हातारीने तव्यावर पहिली भाकरी टाकली आणि ती अशी फुगली की फुटून वाफ बाहेर आली. आम्ही तिघांनी ती उभ्या उभ्याच खाल्ली. मी आयुष्यात इतकी सुखी कधी नव्हते.

ब्रिहिदाचं हुइपिल लिबोरियोने संध्याकाळी तिच्या मातीत खोल पुरलं.

आता सासूबाईंकडे जायचं हुइपिल नव्हतं. त्यांचं जमिनीखाली कुजत होतं. "पुन्हा कुणाला देण्याआधी एक तरी असू दे पेटीत," असा सेवेरोने टोमणा मारला. त्यांच्या हातांना अजून कंप होता म्हणून त्या म्हणाल्या, "पहिला काठ तू घालून दे, ओदिलिया. नक्षी मी बसून घालीन."

अंबाडी पोत्यांत भरून गेली, आभाळ निवळलं. मी आमच्या अंगणात आंब्याच्या खोडाला ताणा बांधला, माझाच पट्टा कमरेला लावला. तो सैल होतो आहे असं वाटलं, मी गाठ आवळली. सासूबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. कापितान टोपलीवर, कावळ्यांवर, रस्त्यावरच्या माणसांवर, सगळ्यांवर भुंकत होता. मागच्या दिवसांची सगळी उधारी फेडत होता. मला ते भुंकणं इतकं गोड लागत होतं की मी त्याच्याच तालावर ठोके घालत होते. काठ झाला. हात चालता होता म्हणून मी सहज पुढे एक पाखरू घातलं. मग दुसरं.

सासूबाई भाकरीची टोपली घेऊन माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मागाकडे बघितलं. पाखरं डावीकडे तोंड करून बसली होती.

"ब्रिहिदा," त्या रोजच्या आवाजात म्हणाल्या, "जेवतेस ना गं?"

"हो, आले," मी म्हटलं.

आणि कापितान भुंकायचा थांबला.